दसऱ्याला घासलेली कुऱ्हाड

ज्या कुऱ्हाडीनं माझ्या सासूबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं, ती त्यांनी त्याच दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं चिंच-मीठ लावून घासली होती. मी ही गोष्ट सांगताना इथूनच सुरुवात करते. नाहीतर लोक कुऱ्हाडीच्याच कौतुकात रमतात. अय्या, इतकी जुनी, म्हणतात. हो, इतकी जुनी. मारणारा मात्र अगदी आजचा होता. पुण्याचा, इंजिनिअर, चारचौघांत हसरा, गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज लावणारा.

तो माझा तेव्हाचा नवरा. मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही राहायचो आणि तो एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेकसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. ब्रेक वेळेवर लागावेत हे त्याचं काम. यावर मी मनातल्या मनात पुष्कळदा हसले आहे, दात ओठ खात हसतात तसं.

कधीतरी त्याला मेटल डिटेक्टरचं वेड लागलं. काठीच्या टोकाला ताटलीएवढं चक्र, कानाला हेडफोन, कमरेला छोटं खुरपं. शनिवारी सकाळी तो उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या शेतात जायचा. शेतकऱ्यानं परवानगी दिली होती, मात्र काही चांगलं सापडलं तर आधी मला दाखवायचं, असं बजावून. कधीकधी मलाही न्यायचा. खरं सांगते, ते माझे बरे दिवस होते. त्याचे कान झाकलेले, हात गुंतलेले, नजर जमिनीवर. मी गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायची आणि मनापासून देवाची करुणा भाकायची, याला काहीतरी सापडू दे.

कारण सापडलं नाही की परतीचा रस्ता वाईट जायचा. ट्रॅक्टरचे बोल्ट, बाटल्यांची बुचं, एकदा घोड्याची नाल. मोकळ्या हातानं घरी आला की कुठलंही निमित्त पुरायचं. वरणात मीठ कमी, लॉनवर पाईप तसाच राहिला, मी फोनवर माझ्या आईशी जास्त वेळ बोलले. दंडाला धरून भिंतीवर आपटायचा. पोटात मारायचा. चेहऱ्यावर नाही, एवढी अक्कल त्याला होती. एकदा त्यानं माझी बोटं कपाटाच्या दारात धरून दार लोटलं आणि मग, मी ओरडत असताना, खिडकी बंद करून आला.

नंतर तो फ्रीजरमधून मटारची पिशवी आणून द्यायचा. टॉवेलमध्ये गुंडाळून, अगदी प्रेमानं. 'लाव, सूज उतरेल.' मग चहा टाकायचा. त्याच मटारची उसळ मी दुसऱ्या दिवशी करायची, आणि तो दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

लोक विचारतात, पोलिसांना फोन का नाही केलास. मी त्याच्या व्हिसावर होते. तो सारखं सांगायचा, तू फोन केलास की माझी नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, ग्रीन कार्डाची रांग गेली, दोघंही बॅगा भरून विमानतळावर. आणि तिकडे जाऊन सांगशील काय? माझ्या माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मी काय सांगणार होते?

त्या वर्षी श्रावणात सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी. मी त्यांना आई म्हणायची. विमानतळावरून घरी आल्यावर त्यांनी बॅगा उघडल्या आणि एकेक वस्तू ओट्यावर मांडली. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दसऱ्याला सोनं म्हणून लुटायला वहीत दाबून आणलेली आपट्याची पानं, छोटी सहाण, आणि वर्तमानपत्राच्या पुडीत आंबेहळदीचं मोठं हळकुंड.

आंबेहळद बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मसाल्याची हळद कुणीही आणेल. आंबेहळद कशाला लागते? मुक्या माराला. ती उगाळून सुजेवर लावतात. सहा महिन्यांसाठी मुलाकडे येणारी बाई बॅगेत मुक्या माराचं औषध घालून आणते, याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपला मुलगा काय करतो ते त्यांना ठाऊक होतं. पुण्यात बसून ठाऊक होतं.

आणि मग त्या तसंच वागल्या. पलीकडच्या खोलीत त्या असताना त्यानं पहिल्यांदा हात उचलला तेव्हा भिंतीमागून भजन ऐकू यायला लागलं. आधी हळू, मग मोठ्यानं. फोनचा आवाज जेवढा वाढतो तेवढा वाढवला होता. सकाळी तो कामावर गेल्यावर त्यांनी न बोलता सहाणेवर आंबेहळद उगाळली, माझी बाही वर केली आणि दंडाला लेप लावला. बोटं अतिशय सवयीची. कुठे दाबायचं, कुठे नुसतं टेकवायचं, सगळं माहीत असलेली.

'याचेही वडील असेच होते,' एवढंच त्या म्हणाल्या. 'नंतर शांत झाले.'

नंतर म्हणजे कधी, असं मी विचारलं. त्यांना पक्षाघात झाला तेव्हा, म्हणाल्या.

मला त्यांचा राग यायचा. नवऱ्याचा येत नसे इतका. त्याची मला भीती होती आणि भीतीत रागाला जागा राहत नाही. सगळा राग मी त्या साठीच्या बाईसाठी राखून ठेवला होता. त्यांनी केलेली भाजी मी मुद्दाम ताटात ठेवायची. त्यांच्या भजनाचा फोन फोडून टाकावा असं वाटायचं.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी, एका शनिवारी, सोयाबीनची कापणी झालेल्या शेतात त्याला ती सापडली. मी गाडीत होते. तो गुडघ्यावर बसला, खुरप्यानं माती उकरली, मग खुरपं टाकून हातानं उकरायला लागला. धावत गाडीकडे आला तेव्हा त्याच्या ओंजळीत तळहाताहून थोडं मोठं, हिरव्या खरबरीत थराचं काहीतरी होतं. एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला पसरट. धार कुठे असणार ते लगेच कळत होतं.

'ब्राँझची कुऱ्हाड आहे,' तो म्हणाला. 'हजारो वर्षांपूर्वीची.' आणि त्यानं मला मिठी मारली. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच कीव आली.

शेतकऱ्याला दाखवली. तो म्हणाला, बघून घे काय आहे ते, मग ठरवू. घरी आल्यावर त्यानं फोटो काढून डिटेक्टरवाल्यांच्या ग्रुपवर टाकले, आणि तिथून एका विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंपर्यंत ते पोचले. त्यांचा फोन आला. ब्राँझ नाही, तांबं, म्हणाल्या. या भागात त्या काळी ब्राँझ नव्हतंच. उत्तरेला तलावाकाठी शुद्ध तांबं दगडातच मिळायचं, ते ठोकून ठोकून इथले मूळ लोक हत्यारं करायचे. फोटोत हिरव्या थराला चिकटलेला एक काळपट धागा दिसतोय, तो दांड्याच्या लाकडाचा किंवा बांधलेल्या दोरीचा असू शकतो. तसं असेल तर वय काढता येईल. असं क्वचितच मिळतं. मी पुढच्या सोमवारी येते. तोपर्यंत हात लावू नका. पाणीसुद्धा नको.

हे सगळं स्पीकरवर झालं आणि इंग्रजीत झालं. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. तो फोन ठेवून नाचायचा बाकी राहिला. ऑफिसात, मित्रांना, मराठी मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे सांगून झालं. आईला त्यानं मराठीत एवढंच सांगितलं, 'आई, फार जुनं हत्यार मिळालंय मला. तांब्याचं.' बुटांच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून ती त्यानं पॅन्ट्रीत ठेवली, कारण तिथे कोरडं असतं. आमचे देवही पॅन्ट्रीतच होते, मधल्या फळीवर. खोकं देवांच्या शेजारी बसलं.

तो आठवडा घरात कुणाला बोटसुद्धा लागलं नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं. बघ, शांत होतो हळूहळू, असं त्या मला म्हणाल्या, आणि मी पण ते ऐकून घेतलं.

दसरा रविवारी होता. सोमवारी फोटो निघणार म्हणून तो सकाळी केस कापायला गेला. मी झेंडू आणि श्रीखंड आणायला इंडियन ग्रोसरीत गेले. परत आले तर पॅन्ट्रीसमोर पाट मांडलेला. पाटावर त्याचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्क्रू ड्रायव्हरचा डबा, माझी विळी, आणि मध्यभागी कुऱ्हाड. सगळ्यांना हळद-कुंकू लावलेलं. कुऱ्हाड नव्या तांब्यासारखी लख्ख होती, गुलाबी, अंगावर ठोकल्याचे बारीक खड्डे. धार स्पष्ट दिसत होती.

सिंकमध्ये चिंचेचा चोथा आणि हिरवट काळं पाणी होतं.

'आई, हे काय केलंत?'

त्या पदराला हात पुसत होत्या. खूश होत्या. दसऱ्याला हत्यार पुजतात, म्हणाल्या, आणि पोराला भूमातेनं दिलेलं हत्यार आहे. असं हिरवं पडलेलं तांबं देवापुढे कसं ठेवायचं? माझ्या घरात कधी ताम्हन हिरवं पडू दिलं नाही मी. बराच वेळ लागला, कुजक्या काडीसारखं काहीतरी चिकटलं होतं, ते सुरीनं काढलं तेव्हा कुठे निघालं.

मी कचऱ्याचा डबा ओट्याखालून ओढून उलटा केला. चहाचा चोथा, शेंगांची सालं, अंड्याची टरफलं. मी फरशीवर बसून त्यात बोटं घालून शोधत होते आणि त्या वर उभ्या राहून विचारत होत्या, काय झालं, अगं झालं काय. मी सांगितलं. प्राध्यापक बाई काय म्हणाल्या होत्या ते सगळं मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

बाहेर गॅरेजचं दार वर जायला लागलं. तो आवाज मी अजून ऐकला की उभी राहते.

'मी घासली असं सांगते,' मी म्हणाले. मला ते थोरपणानं सुचलं नव्हतं. मार कुणाला बसणार हे ठरलेलंच होतं, निदान भानगड लवकर संपेल.

सासूबाई नको म्हणाल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पाटाकडे पाहायला लागल्या.

तो आला, छान केस कापून, मानेवर पावडर. हॅपी दसरा, म्हणाला. मग त्यानं पाटाकडे पाहिलं. वाकून कुऱ्हाड उचलली, उलटीपालटी केली, नखानं खरवडली, जणू हिरवं खालून परत वर येईल. कुंकू त्याच्या बोटांना लागलं.

कुणी केलं, असं त्यानं अगदी हळू विचारलं.

'मी,' म्हटलं.

त्यानं डाव्या हातानं माझे केस धरले आणि डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं. परत आपटलं. फ्रीजवरचे मॅग्नेट खाली पडले. मी हात वर धरले तर गुडघा पोटात आला. मी फरशीवर, सांडलेल्या कचऱ्यात पडले आणि तो लाथा घालत होता, बरगडीत, पाठीत, आणि प्रत्येक लाथेबरोबर तोच प्रश्न, अक्कल आहे का, अक्कल आहे का. उजव्या हातातली कुऱ्हाड त्यानं सोडली नव्हती. तोंडात रक्ताची चव आली आणि डोळ्यांसमोर अंड्याचं टरफल होतं, एवढं मला स्पष्ट आठवतं. आज तो थांबणार नाही, असंही वाटलं. मरणाचा विचार मी अनेकदा केला होता, पण तो असा स्वयंपाकघरात, उजेडात, श्रीखंडाचा डबा ओट्यावर असताना येईल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी भजन लावायला सासूबाईंना मधे भिंत नव्हती. त्यांनी ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

'तिनं नाही रे,' त्या म्हणाल्या. 'मी घासली.'

त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून त्याला फरक पडला नाही. तू मध्ये पडू नकोस, म्हणाला, आणि परत पाय उचलला. मग मला पातळाचा काठ दिसला, माझ्या तोंडासमोर. त्या आमच्या मधे येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात पसरून. त्यानं त्यांना बाजूला करायला हात फिरवला. उजवा. काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि त्या माझ्या अंगावर पडल्या.

गळ्याच्या बाजूला कातडी फाटून पोलक्यावर रक्त पसरत होतं. त्या ओरडल्या नाहीत. श्वास घ्यायची धडपड करत होत्या. कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटून फरशीवर पडली.

आणि मग त्यानं काय केलं? फ्रीजर उघडला, मटारची पिशवी काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि आईच्या खांद्याला लावायला खाली बसला. त्याला पिशवी शोधावी लागली नाही. टॉवेल कोणता घ्यायचा हे बघावं लागलं नाही. 'लाव, सूज उतरेल,' म्हणाला. तोच स्वर.

सासूबाईंनी त्या पिशवीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्यांनी ती ढकलून दिली, चांगल्या हातानं.

'फोन कर,' त्या मला म्हणाल्या. 'पोलिसांना.'

मी केला. त्यानं फोन हिसकावला नाही, तो आईच्या पाया पडत होता. पोलीस येईपर्यंत तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून बोलत राहिला. आई, तू पडलीस एवढंच सांग. पाय घसरला म्हण. तुझं ऐकतील. माझी नोकरी जाईल, आई, मला तुरुंगात घालतील, तुझा एकुलता एक मुलगा आहे मी. यासाठी आलो का इतक्या लांब, यासाठी कर्ज काढून शिकलो का. तो रडत होता. त्याचं रडणं खोटं नव्हतं, तेच वाईट. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळेना, आणि मला माहीत होतं की आता सगळं त्यांच्यावर आहे. माझ्या जखमा मी दाखवीन, तो म्हणेल, ही वेडी आहे, हिनंच आईला ढकललं. मग माझ्यासाठी पुन्हा तेच घर, तोच फ्रीज. मी त्यांनी केलेली भाजी ताटात टाकली होती, त्यांच्याशी आठवडे नीट बोलले नव्हते. त्या माझ्या कोण होत्या? त्या त्याची आई होत्या.

दोन पोलीस आले, एक पुरुष, एक बाई. पुरुषानं त्याला बाहेर पोर्चवर नेलं. त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं, स्वच्छ, नम्र. इट्स अ रिलिजस फेस्टिव्हल, ऑफिसर, माय मॉम स्लिप्ड. आतल्या पोलीस बाई पाटाचे फोटो काढत होत्या. लॅपटॉपवरचं कुंकू, किल्ल्यांवरचं कुंकू, स्क्रू ड्रायव्हरच्या डब्यावरचं कुंकू. त्यांना ते सगळं रक्त वाटलं. एका घरात इतक्या वस्तूंनी मारामारी झाली असं बघून त्या चरकल्या होत्या. मी सांगितलं, हे कुंकू आहे, रक्त फक्त त्या एका वस्तूवर आहे. आणि त्या वस्तूवर दोन्ही आहे.

आईंचं बोलणं मी इंग्रजीत सांगते म्हटलं तर पोलीस बाई नको म्हणाल्या, तुम्ही यात आहात. मला कोपऱ्यात, थोडं दूर बसवलं. त्यांनी फोनवर दुभाषी मागवला. मराठी मिळाला नाही, हिंदी मिळाली, कुठल्या तरी गावातली एक मुलगी, मागे कुत्रा भुंकत होता. फोन स्पीकरवर ठेवून सासूबाईंच्या तोंडाशी धरला. अँब्युलन्सवाले त्यांचा हात बांधत होते.

त्या मुलीनं हिंदीत विचारलं, माँजी, आपको चोट कैसे लगी?

सासूबाईंनी खिडकीकडे मान वळवली. खिडकीतून पोर्च दिसत होतं. तो तिथून आत बघत होता, मानेवर अजून पावडर.

'मेरे लडके ने मारा,' त्या म्हणाल्या. आमच्या घरी हिंदीची बोंबच होती, पण शब्द सुटे सुटे, नीट आले. 'आज मेरे को मारा. इसको तो हमेशा मारता है. मेरे को मालूम था. मैं बाजू के कमरे में भजन लगा के बैठती थी.'

फोनवरची मुलगी इंग्रजीत सांगत गेली. शेवटच्या वाक्यापाशी ती थांबली. कुत्र्याचा आवाज आला फक्त. मग तिनं तेही सांगितलं, आणि पोलीस बाईंनी ते लिहून घेतलं. मी कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडले. सुटले म्हणून रडले की त्या बाईनं स्वतःलाही सोडलं नाही म्हणून, मला सांगता येणार नाही.

त्याला बेड्या घालून नेलं. कुऱ्हाड एका कागदी पिशवीत गेली.

सोमवारी प्राध्यापक बाईंचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते. माझ्या बरगडीला तडा गेला होता, सासूबाईंचा हात गळ्यात बांधला होता. मी बाईंना सगळं सांगून टाकलं, लाजबीज काही उरली नव्हती. पुढे कधीतरी पोलिसांनी त्यांना ती बघू दिली. वय आता काढता यायचं नाही, म्हणाल्या. झाडं तोडायची की माणसं मारायची, तेही सांगता येत नाही, तेव्हाही हत्यार एकच असायचं. कशानं घासली ते त्यांना हवं होतं. चिंच म्हणजे काय हे मी त्यांना समजावलं. प्रकरण मिटल्यावर कुऱ्हाड त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेली आणि त्यानं ती बाईंकडे दिली.

त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला. एका वकीलबाईंनी माझे कागद त्याच्यापासून वेगळे केले, मार खाणाऱ्या बायकांसाठी तशी सोय आहे म्हणाल्या. ती मला आधी कुणी सांगितली नव्हती, त्यानं तर नाहीच. मी आणि सासूबाई एका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेलो. नवरा तुरुंगात गेलेली सून आणि त्याला धाडणारी आई, एका बेडरूममध्ये. पुण्याहून नातेवाइकांचे फोन यायचे. तुम्ही आई आहात की कोण, असं एकानं विचारलं. त्यांनी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला गेल्या. डावा हात बांधलेला, एका हातानं लाटायच्या. पोळ्या वाकड्यातिकड्या व्हायच्या, मला लाटू द्यायच्या नाहीत.

आमचं गुळपीठ झालं असं समजू नका. त्या रोज संध्याकाळी त्याच्यासाठी देवापुढे दिवा लावायच्या, आणि मला त्याचा संताप यायचा. त्याच्या वाढदिवसाला त्यांनी गुळाच्या पोळ्या केल्या, एकही खाल्ली नाही, दिवसभर बाथरूममध्ये नळ सोडून रडल्या. मी दाराबाहेर उभी होते. नळ कशासाठी सोडतात ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी दार वाजवलं आणि म्हटलं, नळ बंद करून रडा. थोड्या वेळानं नळ बंद झाला.

सहा महिने संपत आले तेव्हा बाहेर बर्फ होता. त्यांचं हाड जुळलं होतं, तिथे बोटाएवढा उंचवटा राहिला होता आणि त्यावर पदर ठरत नव्हता. आम्ही बॅग भरायला बसलो. आता सासू-सून असं काहीच उरलं नसताना मी त्यांना काय देऊ, हे न कळून बदाम, चॉकलेटं, विटॅमिनच्या बाटल्या कोंबत होते. त्या ओट्यापाशी काहीतरी शोधत होत्या.

सहाण त्यांनी बाजूला ठेवली. ती राहू दे, म्हणाल्या, देवाला गंध उगाळशील. मग त्यांनी ती वर्तमानपत्राची पुडी काढली. आंबेहळदीचं हळकुंड अर्ध्याहून कमी उरलं होतं, एका बाजूनं उगाळून उगाळून तिरकं झालेलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन पाहिलं आणि बॅगेत, आपल्या पातळांच्या घडीत, खाली खोचलं.

'ही परत नेते मी,' त्या म्हणाल्या. 'तुला आता लागायची नाही.'